अनुच्चारित वाक्याची मालकी : संगणकीय भूमिकाखेळांतील संवाद आणि निवेदन

१

कथात्म साहित्यातील संवादाचा विचार करताना आपण एक गोष्ट गृहीत धरून चालतो. पात्राच्या तोंडी आलेले वाक्य त्या पात्राचेच असते. ते खरे असेल, खोटे असेल, अर्धवट असेल. परंतु ते उच्चारले गेले आहे आणि अमुक एकाने उच्चारले आहे, ह्याविषयी वाचकाला संदेह नसतो. निवेदक अविश्वसनीय असू शकतो, अवतरणचिन्हांतील वाक्य मात्र ज्याचे त्याचे असते. संगणकावरील ज्या कथात्म प्रकाराचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे, त्यात हे गृहीतच मोडते. तेथे समोरच्या पात्राने काही विचारले की पडद्यावर तीन, चार, कधी दहाही वाक्ये एकाखाली एक उभी राहतात. ती सर्व नायकाची आहेत, आणि त्यांपैकी एकही अद्याप त्याचे नाही. खेळाडू एक निवडतो. तेवढे उच्चारले जाते. उरलेली वाचली गेलेली असतात, बोलली गेलेली नसतात.

ह्या प्रकाराचे रूढ नाव 'रोल-प्लेइंग गेम' असे आहे. येथे त्यासाठी 'भूमिकाखेळ' हा शब्द वापरला आहे, आणि निवडीसाठी मांडलेल्या वाक्याला 'पर्यायवाक्य' म्हटले आहे. भूमिकाखेळात खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. त्या पात्राचे बळ, बुद्धी, वक्तृत्व इत्यादी गुण अंकांत मोजलेले असतात, आणि कथेची वाटचाल ते गुण, फाशांचे दान व खेळाडूची निवड ह्यांच्या मेळातून ठरते.

संगणकीय खेळ हा साहित्याभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, हा वाद आता जुना झाला आहे. १९९७ मध्ये एस्पेन आर्सेथ ह्यांचे 'सायबरटेक्स्ट' आणि जॅनेट मरे ह्यांचे 'हॅम्लेट ऑन द होलोडेक' ही दोन पुस्तके प्रसिद्ध झाली, आणि पुढील काही वर्षे खेळ म्हणजे कथन की नियमव्यवस्था, ह्या प्रश्नाभोवती चर्चा फिरत राहिली. भारतात सौविक मुखर्जी ह्यांनी २०१५ मधील आपल्या ग्रंथात खेळाचे वाचन आणि पुस्तकाचे 'खेळणे' ह्यांचा एकत्र विचार केला. प्रस्तुत निबंधाचा प्रश्न ह्याहून मर्यादित आहे. कथानकाला किती फाटे फुटतात, हे येथे मोजावयाचे नाही. वाक्य आणि त्याचा वक्ता ह्यांच्यामध्ये भूमिकाखेळाने जे अंतर निर्माण केले, त्याचे स्वरूप काय, आणि ते अंतर सांभाळण्यासाठी निवेदनाला कोणती रूपे घ्यावी लागली, एवढेच पाहावयाचे आहे. ह्या प्रकाराचे वाङ्मयीन वैशिष्ट्य कथानकाच्या फाट्यांत नसून ह्या अंतरात आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

ह्यासाठी एक जुनी परिभाषा उपयोगी पडते. धनंजयाच्या 'दशरूपका'त नाट्यातील उक्तीची वर्गवारी ती कोणाला ऐकू जावी ह्यावरून केलेली आहे : सर्वांना ऐकू जाणारे 'प्रकाश', कोणालाही ऐकू न जाणारे 'स्वगत', आणि ठरावीक पात्रांनाच ऐकू जाणारे 'जनान्तिक' व 'अपवारित'. शिवाय 'आकाशभाषित' आहे. तेथे रंगमंचावर नसलेल्या पात्राशी नट बोलतो आणि त्याचे न ऐकू आलेले बोलणे स्वतःच पुन्हा उच्चारून त्याला उत्तर देतो. ह्या सर्व प्रकारांत उक्ती उच्चारलेली आहे. प्रश्न फक्त श्रोत्याचा आहे. पर्यायवाक्य ह्यांपैकी कोठेच बसत नाही. प्रेक्षकाला ते दिसते, परंतु वक्त्याने ते अद्याप स्वतःशीही म्हटलेले नसते.

२

भूमिकाखेळातील निवेदक संगणकाच्या आधीचा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसलेल्या मंडळींपैकी एक जण सूत्रधार होतो आणि इतरांना त्यांच्यासमोरचे दृश्य सांगतो : तुम्ही एका ओलसर दालनात शिरला आहात, समोर दोन दारे आहेत. द्वितीयपुरुष येथे अलंकार म्हणून आलेला नाही. ज्याला सांगावयाचे तोच ज्याच्याविषयी सांगावयाचे तो आहे, म्हणून दुसरे सर्वनाम शक्यच नाही. खेळाडू लगेच 'मी डावे दार उघडतो' असे प्रथमपुरुषात उत्तर देतो. 'तुम्ही' आणि 'मी' ह्यांची ही देवाणघेवाण तोंडी आहे आणि वक्ते समोरासमोर आहेत. त्यामुळे वाक्याच्या मालकीचा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

संगणकावर सूत्रधार उरला नाही. विल क्राऊदर ह्यांनी १९७६ मध्ये रचलेल्या आणि डॉन वुड्स ह्यांनी पुढच्या वर्षी वाढवलेल्या 'अ‍ॅडव्हेंचर' ह्या गुहाभ्रमणाच्या खेळात ती जागा संगणकप्रणालीने घेतली. ती स्वतःला 'मी' म्हणते, आणि मी तुमचे डोळे व हात होईन, असे खेळाडूला सांगते. आपल्याला येथे संजयाची आठवण व्हावी. तो धृतराष्ट्राचे डोळे होता, हात नव्हता. महाभारतातील निवेदकाकडे दृष्टी आहे, परंतु हस्तक्षेप नाही, आणि ऐकणारा राजा पाहूही शकत नाही व थांबवूही शकत नाही. 'अ‍ॅडव्हेंचर'मधील ऐकणारा आंधळाच आहे, पण त्याच्या आज्ञेने निवेदकाचे हात हलतात. निवेदन आणि कृती एकाच ठिकाणी आणण्याची ही युक्ती पुढे भूमिकाखेळांनी वारशाने घेतली.

संवादाची कथा मात्र वेगळी झाली. रिचर्ड गॅरियट ह्यांच्या १९८५ मधील 'अल्टिमा ४'मध्ये खेळाडूने नाव, व्यवसाय अशासारखा एखादा शब्द टंकित करावयाचा आणि समोरच्या पात्राने त्यावर बोलावयाचे, अशी योजना होती. नायक पूर्ण वाक्य बोलतच नाही. तो विषय सुचवतो. १९८६ मध्ये जपानमध्ये आलेल्या, युजी होरी ह्यांच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये तर नायक मुकाच आहे. इतर पात्रे त्याच्याशी बोलतात, त्याने काही सांगितले असे धरून उत्तरेही देतात, पण त्याचे शब्द कधीच दिसत नाहीत. हे आकाशभाषिताचे नेमके उलटे रूप आहे. 'चतुर्भाणी'तील विटाचे बोलणे आपण ऐकतो आणि वाटेत भेटणारी माणसे त्याच्या बोलण्यावरून उभी करतो. येथे वाटेतली सर्व माणसे ऐकू येतात आणि ज्याच्याशी ती बोलत आहेत तो नायक आपल्याला त्यांच्या बोलण्यावरून उभा करावा लागतो. भाणात नटाचे कौशल्य ती पोकळी भरते; 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये ती खेळाडूसाठी रिकामी ठेवलेली आहे.

ह्या मौनाला एक मर्यादा आहे. त्याच खेळात सुटका झालेली राजकन्या नायकाला प्रेमाविषयी विचारते. होय किंवा नाही, असे दोन पर्याय असतात. 'नाही' निवडले की ती तोच प्रश्न पुन्हा विचारते, आणि 'होय' येईपर्यंत विचारत राहते. नायकाला नकार उच्चारता येतो, पण कथेला तो ऐकू येत नाही. नकाराला अर्थ यावयाचा तर नायकाला शब्द हवेत, आणि त्या शब्दांना परिणाम हवा. पर्यायवाक्यांची यादी ह्या गरजेपोटी विस्तारत गेली.

३

ह्या यादीच्या वाङ्मयीन शक्यता ज्या कृतीत प्रथम पूर्णपणे प्रकट झाल्या, ती म्हणजे ब्लॅक आयल स्टुडिओजची १९९९ मधील 'प्लेनस्केप : टॉर्मेंट'. क्रिस अ‍ॅव्हेलोन हे तिचे प्रमुख रचनाकार होते. तिच्यातील मजकूर सुमारे ८,००,००० शब्दांचा असल्याचे सांगितले जाते. नायक अमर आहे आणि विस्मृत आहे. तो शवागारातील फळीवर जागा होतो तेव्हा त्याला स्वतःचे नावही आठवत नाही. अनेक आयुष्ये तो जगला आहे आणि प्रत्येक आयुष्यात वेगळा माणूस होता. त्याच्या पाठीवर गोंदलेला मजकूर त्याचे त्यालाच वाचता येत नाही. मॉर्ट नावाची तरंगती कवटी तो वाचून दाखवते. आत्मचरित्र आपल्याच अंगावर आहे आणि ते वाचण्यासाठी दुसरा लागतो, ह्या एका प्रतिमेत ह्या कृतीचा सगळा निवेदनव्यवहार सामावला आहे.

पर्यायवाक्यांच्या बाबतीत ह्या कृतीने एक साधी पण दूरगामी गोष्ट केली. 'मी परत येईन' अशा स्वरूपाचे एकच वाक्य यादीत दोनदा येते. एकाच्या आधी 'खरे' अशी खूण असते, दुसऱ्याच्या आधी 'खोटे'. काही ठिकाणी तिसरी खूण 'शपथ' अशी असते. समोरच्या पात्राला दोन्ही वेळा तेच शब्द ऐकू येतात. फरक फक्त वक्त्याच्या मनात आहे, आणि तो खेळाडूला निवडीपूर्वी ठरवावा लागतो. त्याची नोंदही होते : खोटे बोलण्याने पात्राच्या नैतिक वृत्तीचा हिशेब बदलतो.

कादंबरीत हे कसे घडते ते पाहिले पाहिजे. तेथे पात्र वाक्य बोलते, आणि 'तो खोटे बोलत होता' हे निवेदक सांगतो किंवा पुढील घटना उघड करतात. हेतूचे ज्ञान निवेदकाकडे असते आणि वाचकाकडे ते मागाहून येते. 'टॉर्मेंट'मध्ये हेतू वाक्याच्या आधी येतो, आणि तो जाणणारा निवेदक म्हणजे खुद्द वाचक आहे. शब्द रचनाकाराचे, आवाज नायकाचा, हेतू खेळाडूचा, अशी एकाच उक्तीची तीन ठिकाणी वाटणी होते. वचन देणे ही भाषिक कृती प्रामाणिक हेतूवाचून सदोष राहते, हा वाक्कृतिसिद्धान्तातील विचार तुलनाकारांना परिचित आहे. येथे तो विचार खेळाचा नियम होऊन समोर येतो.

ह्याहून लक्षणीय प्रसंग खोट्या नावाचा आहे. नायकाला नाव नाही. कोणी विचारले तर 'आडान' असे खोटे नाव सांगण्याचा पर्याय त्याला वेळोवेळी मिळतो. खेळाडूने ते पुरेशा वेळा सांगितले, तर पुढे एका मद्यालयात आडान नावाचा माणूस प्रत्यक्ष भेटतो. ह्या कृतीच्या विश्वात श्रद्धेने वास्तव घडते. त्यामुळे वारंवार उच्चारलेले असत्य देह धारण करते. अनेक खेळाडूंना हा माणूस कधी भेटतच नाही, कारण त्यांनी ते पर्यायवाक्य निवडलेले नसते. परंतु यादीत ते त्यांनीही वाचलेले असते. जे नाव वाचून बाजूला ठेवले त्याच्यात एक माणूस दडलेला होता, हे कळल्यावर सोडून दिलेल्या सर्वच वाक्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

द्वितीयपुरुषी निवेदनाचा कस लागतो तो डीओनाराच्या प्रसंगात. पूर्वीच्या एका आयुष्यात नायकावर प्रेम करून त्याच्या पायी मेलेली ही स्त्री. तिची स्मृती साठवलेला एक दगड नायकाला मिळतो. तो हाती घेतला की निवेदनातील 'तू' हा ती होतो. तिची आर्तता खेळाडूला आतून कळते. आणि त्याच स्मृतीत समोर उभ्या असलेल्या आपल्याच पूर्वावताराचे मनही उघडे पडते, ज्याच्या लेखी ती केवळ एक साधन आहे. एकच सर्वनाम फसवल्या जाणाऱ्या व्यक्तीला आणि फसवणाऱ्याला, दोघांनाही लागू होते. पूर्वावताराने तिला दिलेली वचने शब्दांनी निर्दोष होती. 'खरे' आणि 'खोटे' ह्या खुणांचे महत्त्व खेळाडूला पुरते उमगते ते येथे : अशी खुणेवाचूनची वाक्ये ऐकणाऱ्याच्या जागी तो आता उभा असतो.

४

२००७ मध्ये बायोवेअरच्या 'मास इफेक्ट'ने संवादाची मांडणी बदलली. नायक आता बोलका झाला. त्याच्या पुरुष व स्त्री अशा दोन्ही रूपांना नटांचा आवाज लाभला. जे वाक्य पडद्यावर आधीच पूर्ण वाचले ते पुन्हा ऐकणे कंटाळवाणे होईल, म्हणून यादीच्या जागी चक्र आले आणि पर्यायवाक्याच्या जागी दोनचार शब्दांचा सारांश. खेळाडू सारांश निवडतो. नायक स्वतःचे वाक्य बोलतो.

वरवर पाहता हा केवळ सोयीचा प्रश्न आहे. परंतु मालकीचा तोल त्यामुळे पुरता फिरला. 'टॉर्मेंट'मध्ये खेळाडूला शब्दही माहीत असतात आणि हेतूही. येथे त्याला दोन्हींचा अंदाज बांधावा लागतो. सौम्य भासणारा सारांश निवडावा आणि नायकाने समोरच्याला फटकारावे, असे होऊ शकते. 'हे मी म्हणणार नव्हतो', ही तक्रार तेथे अर्थपूर्ण ठरते. कारण वाक्य आता नायकाच्या ताब्यात गेले आहे आणि खेळाडू त्याच्याकडे विनंतीअर्ज करणारा झाला आहे. २०११ मधील 'ड्रॅगन एज २'ने सारांशासोबत स्वर दाखवणारी चिन्हे दिली : सलोख्याचा, थट्टेचा, कठोर. हेतूची खूण अशा रीतीने परत आली, परंतु आता ती नैतिक राहिली नाही, शैलीची झाली. २०१५ मधील 'फॉलआउट ४'मध्ये चार सारांशांवर संवाद आवळला गेला, तेव्हा खेळाडूंनी स्वतः एक जोडप्रणाली तयार करून चक्राच्या जागी पूर्ण वाक्ये परत आणली. वाचकांनी सोयीपेक्षा वाक्याला पसंती दिल्याचे हे उदाहरण नोंदण्याजोगे आहे.

लॅरियन स्टुडिओजने तिसरी वाट चोखाळली. २०१७ मधील 'डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन २'मध्ये पर्याय वाक्यरूपात नसून वर्णनरूपात येतात : त्याला त्याचे नाव विचारा, तिला धीर द्या. शब्द कोणाचेच नाहीत. केवळ कृती आहे. त्याच संस्थेच्या 'बॉल्डर्स गेट ३'चे पहिले प्रदर्शन २०२० मध्ये झाले, तेव्हा पर्याय भूतकाळी वृत्तान्ताच्या रूपात होते. नायक घडून गेलेली हकीकत सांगत असावा, तसे. खेळाडूंनी त्याला विरोध केला. पुढे ही योजना सोडण्यात आली, आणि २०२३ मध्ये पूर्ण रूपात आलेल्या कृतीत पर्याय वर्तमानातील प्रत्यक्ष वाक्यांच्या रूपात आहेत; 'तू' म्हणणारी निवेदिका मात्र कायम राहिली. ह्या वादाचे मर्म काळात आहे. भूतकाळी वाक्य झाले-गेलेले सांगते. ते निवडणे म्हणजे आठवणे. पर्यायवाक्याला मात्र होणाऱ्या गोष्टीचा काळ लागतो. कादंबरीने भूतकाळ हा आपला सहज काळ मानला. भूमिकाखेळातील उक्तीला तो पेलवत नाही, कारण तेथील वाक्य अजून घडावयाचे असते.

५

आतापर्यंत पाहिलेल्या कृतींत वाक्याचे विभाजन झाले, निवेदक मात्र अखंड राहिला. २०१९ मध्ये आलेल्या 'डिस्को एलिझियम'ने निवेदकच फोडला. झेडए/यूएम ह्या संस्थेच्या ह्या कृतीचे प्रमुख रॉबर्ट कुर्विट्झ हे एस्टोनियाचे कादंबरीकार. ह्याच कल्पितविश्वातील त्यांची कादंबरी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली होती. येथेही नायक विस्मृत आहे : मद्यपानाने स्वतःचे नाव व चेहरा विसरलेला एक पोलीस तपासनीस. त्याने रेवाशोल शहरातील मार्टिनेझ ह्या पडक्या वस्तीत, झाडाला लटकलेल्या एका प्रेताचा छडा लावावयाचा आहे.

ह्या कृतीत सर्वज्ञ निवेदक नाही. नायकाच्या गुणांची विभागणी २४ कौशल्यांत केलेली आहे : तर्क, विश्वकोशीय माहिती, सहानुभूती, अधिकार, वेदना सोसण्याची शक्ती इत्यादी. ही सर्व कौशल्ये बोलतात. समोरचे पात्र एखादे वाक्य बोलले की सहानुभूती त्यामागचे दुःख सुचवते, तर्क विसंगती दाखवतो, अधिकार त्याला दटावण्याचा आग्रह धरतो, आणि विश्वकोशीय माहिती त्या घटकेला अगदी निरुपयोगी असा इतिहास ऐकवते. जे कौशल्य अधिक विकसित केले ते अधिक बोलते. त्यामुळे दोन खेळाडूंना एकाच प्रसंगाचे निवेदन वेगळे मिळते. खेळाडूने नायक घडवताना प्रत्यक्षात निवेदकमंडळ निवडलेले असते.

ह्या आवाजांना स्वगत म्हणता येईल काय? स्वगतात वक्ता एक असतो. येथे आवाज नायकाला 'तू' म्हणतात, एकमेकांना खोडून काढतात, क्वचित एकमेकांशीच बोलतात, आणि हे चालू असता समोरचा माणूस उत्तराची वाट पाहत उभा असतो. हे जनान्तिकाच्या अधिक जवळचे आहे. फक्त त्यातील सर्व पात्रे एकाच कवटीत आहेत. बाख्तिनने दस्तयेव्हस्कीच्या संदर्भात मांडलेली बहुस्वरता येथे आठवते, आणि तिचा फरकही लगेच दिसतो. दस्तयेव्हस्कीचे आवाज स्वतंत्र व्यक्तींचे आहेत. प्रत्येकाला स्वतःचे जग आहे. कौशल्यांना जग नाही, केवळ हट्ट आहेत. त्यांतून व्यक्ती उभी राहते ती ह्या हट्टांमध्ये निवड करणाऱ्या खेळाडूमुळे.

ह्या योजनेचा परमोच्च बिंदू क्लास्येच्या जबानीत येतो. ही साक्षीदार चतुर आहे, मोहक आहे. तिच्याशी बोलताना एकामागून एक कौशल्ये तिच्या बाजूने अनुकूल अर्थ सुचवीत जातात, आणि वाचक सवयीने त्यांवर विश्वास ठेवतो. मग इच्छाशक्ती हे कौशल्य हस्तक्षेप करते : ह्या मंडळींचे ऐकू नकोस, ती तिला वश झाली आहेत. अविश्वसनीय निवेदकाचा शोध कादंबरीचा वाचक पुराव्यांवरून घेतो. येथे एक निवेदक उठून इतर निवेदकांविरुद्ध साक्ष देतो. पण त्याचे तरी का ऐकावे? ह्या प्रश्नाचे उत्तर संहितेत नाही. ते पुढचे पर्यायवाक्य निवडणाऱ्याने द्यावयाचे आहे.

२०२१ मधील 'फायनल कट' ह्या आवृत्तीत संपूर्ण मजकुराला आवाज मिळाला, तेव्हा बहुतेक सर्व कौशल्ये लेनव्हल ब्राऊन ह्या एकाच कलावंताने बोलली. वाचनात जे वेगवेगळे होते ते श्रवणात एका गळ्यातून आले. एकट्याच्या मुखातून सगळा प्रपंच उभा करणाऱ्या कीर्तनकाराच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला ही निवड परकी वाटू नये. अनेक मते आणि एक कंठ : भांडण घरातलेच आहे, हे त्या आवाजाने न सांगता सांगितले.

६

ह्या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. निवडीचे हे स्वातंत्र्य बहुतांशी आभासी असते. चार पर्यायवाक्यांना समोरचे पात्र पुष्कळदा एकच उत्तर देते. फुटलेले फाटे लवकरच पुन्हा मिळतात. 'ड्रॅगन क्वेस्ट'मधील राजकन्येचा हट्ट नाहीसा झालेला नाही, फक्त अधिक सफाईने लपवला आहे. असे असेल तर निवडलेल्या वाक्याच्या मालकीला काय अर्थ?

परिणाम आणि अर्थ ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ह्याचे उत्तर. 'टॉर्मेंट'मधील खरे आणि खोटे वचन समोरच्याला सारखेच ऐकू येते, आणि काही ठिकाणी कथाही सारखीच पुढे जाते. तरी वचन देणारा माणूस सारखा राहत नाही. शिवाय निवड होण्यापूर्वीच यादी स्वतः काही सांगत असते. १९९७ मधील 'फॉलआउट'मध्ये अत्यल्प बुद्धीचा नायक निर्माण केला, तर त्याच्या यादीत हुंकार आणि तुटक शब्दच येतात. खेळाडूला काय म्हणावयाचे ते नीट कळते, पण ते वाक्यच यादीत नसते. मनात आशय आहे आणि भाषा नाही, ही अवस्था वर्णनाने सांगणे वेगळे आणि वाचकाला तिच्यात कोंडणे वेगळे. हा अनुभव त्या यादीतील अनुपस्थितीतून येतो. निवडीच्या परिणामाशी त्याचा संबंध नाही.

ह्यावरून अभ्यासपद्धतीविषयी एक मुद्दा निघतो. भूमिकाखेळाची संहिता म्हणजे एका खेळाडूच्या एका खेळीत बोलले गेलेले शब्द, असे मानून केलेले विवेचन अपुरे राहील. आणि प्रणालीत साठवलेली सर्व वाक्ये म्हणजे संहिता, असे मानले तर ती संहिता कोणीही कधी वाचलेली नसते. वाचलेले, निवडलेले आणि वाचूनही सोडलेले, ह्या तीन थरांचा एकत्र विचार करणारे वाचनच येथे उपयोगी पडेल.

७

अशा कृतीचा मराठीत अनुवाद करावयाचा झाला, तर वरील प्रश्न व्याकरणाच्या पातळीवर उभा राहतो. इंग्रजीतील द्वितीयपुरुषी सर्वनाम लिंग सांगत नाही, वचन सांगत नाही, आदरही सांगत नाही. म्हणूनच पुरुष व स्त्री अशा दोन्ही नायकांना एकच निवेदन पुरते. मराठीत 'तू दार उघडलेस' येथपर्यंत निभावते. 'तू आत आलास' की 'आलीस' येथे अडते. 'तुम्ही आत आलात' असे म्हणून ही अडचण टाळता येते, पण त्याची किंमत जवळिकीत मोजावी लागते. मिशेल ब्यूतोरच्या १९५७ मधील 'ला मोदिफिकास्याँ' ह्या कादंबरीतील आदरार्थी 'व्हू'ने नायक आणि निवेदन ह्यांच्यात जे शिष्ट अंतर राखले, ते डीओनाराच्या प्रसंगाला मारक ठरेल. 'आपण' वापरावे, तर त्यात बोलणाराही सामील होऊ शकतो. निवेदक मग बाहेरचा राहत नाही.

पर्यायवाक्ये तर प्रथमपुरुषी असतात. 'मी तुझ्याबरोबर येतो' आणि 'मी तुझ्याबरोबर येते' ह्यांपैकी एक छापल्यावाचून गत्यंतर नाही. इंग्रजीत मालकावाचून तरंगणारे वाक्य मराठीत आल्याबरोबर अर्धे कोणाचे तरी होऊन जाते. लिंगानुसार दोन संहिता सिद्ध करणे हा व्यावहारिक उपाय आहे, आणि क्रियापदांत लिंगभेद असलेल्या पोलिशसारख्या भाषांतही हाच पेच आहे. परंतु मराठीच्या ह्या स्वभावात केवळ अडचणच आहे असे नाही. 'डिस्को एलिझियम'मधील २४ आवाज इंग्रजीत एकच सर्वनाम वापरतात. मराठीत अधिकार नायकाला 'तू' म्हणून दरडावील, विश्वकोशीय माहिती 'आपण' म्हणून शिष्टपणे सांगेल, आणि इच्छाशक्ती 'आपण' म्हणेल ते दोघांना एकत्र धरून. मूळ कृतीत जे शैलीने साधावे लागले ते येथे सर्वनामच साधू शकेल. 'आपण' ह्या एका शब्दात आदर, आत्मवाचकता आणि समावेश अशा तीन छटा असणे, हे ह्या प्रकारच्या निवेदनाला लाभदायक आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने रचलेल्या आणि २०२० मध्ये प्रकाशित झालेल्या 'राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक'चा येथे वेगळा निर्देश केला पाहिजे. तो भूमिकाखेळ नव्हे, त्यात पर्यायवाक्ये नाहीत. परंतु त्यातील निवेदन विष्णू आणि दुर्गा ह्यांच्या परस्परसंवादातून होते, आणि नायिका त्या संवादाचा विषय असते. दोघांच्या बोलण्यातून तिसऱ्याची कथा सांगण्याची ही पौराणिक चौकट 'तू' आणि 'मी' ह्यांच्या पेचाला बगल देते. भारतीय कथनपरंपरेतून भूमिकाखेळाकडे येणाऱ्या रचनाकाराला ती सोयीची वाटेल. मात्र ती चौकट स्वीकारली, तर खेळाडूला पेचात धरणारा 'तू' हातातून निसटेल.

८

एकंदरीत पाहता भूमिकाखेळातील संवादशैलीचा इतिहास हा वाक्याच्या मालकीचा इतिहास आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट'ने नायकाला मुके ठेवून वाक्य खेळाडूच्या मनात सोडले. 'टॉर्मेंट'ने शब्द देऊन हेतू त्याच्याकडे ठेवला. 'मास इफेक्ट'ने हेतूचा सारांश घेऊन शब्द नायकाला दिले. 'डिस्को एलिझियम'ने हेतूलाच अनेक तोंडे दिली आणि त्यांतले कोणते आपले, हे ठरविण्याचे काम वाचकावर टाकले. प्रत्येक टप्प्यावर निवेदनाला नवे रूप घ्यावे लागले, कारण वक्ता आणि वाक्य ह्यांच्यातील अंतर प्रत्येक वेळी वेगळे होते.

बोललेल्या शब्दाची जबाबदारी बोलणाऱ्यावर असते, हे आपण मानतो. न बोललेल्या शब्दाची जबाबदारी कोणावर असते, हा प्रश्न साहित्याने क्वचितच विचारला, कारण त्याच्यापाशी न बोललेला शब्द दाखवण्याचे साधन नव्हते. भूमिकाखेळापाशी ते आहे. त्याचा खेळाडू उत्तर देतो तेव्हा आपण दुसरे काय म्हणू शकलो असतो, हे त्याने नुकतेच वाचलेले असते. ते सुचले नाही, अशी सबब त्याला उरत नाही.